ओपिनेलची चार मापे : सहा, आठ, दहा आणि बारा

ओपिनेल हा फ्रान्सच्या साव्हुआ या डोंगराळ भागातला घडीचा चाकू आहे आणि तो एकाच घडणीत लहानमोठ्या मापांत मिळतो. पात्याचा आकार तोच, लाकडी मूठ तीच, पाते अडकवून ठेवणारी पोलादी कडी तीच. बदलते ते माप आणि त्याबरोबर किंमत. त्यामुळे विकत घेणाऱ्याला एकच प्रश्न सोडवायचा असतो, पण तो वाटतो तितका सोपा नाही : दीडपट किंवा दुप्पट पैसे देऊन मोठे माप घेतल्याने कामात नेमका काय फरक पडतो? सहा वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या लिओं शहरात बहिणीकडे महिनाभर राहिलो असताना साव्हुआतल्या शाँबेरी शहराच्या एका दुकानातून मी सहा, आठ, दहा आणि बारा या क्रमांकांचे चाकू घेतले, आणि पुढच्या वर्षी आठ क्रमांकाचाच, पण वेगळ्या पोलादाचा, आणखी एक मागवला. तेव्हापासून हे पाचही चाकू पुण्यातल्या घरी, सह्याद्रीतल्या भटकंतीत आणि रत्नागिरीजवळच्या आमच्या गावी वापरात आहेत. पुढचे सर्व लेखन या वापरावर आधारलेले आहे.

आधी क्रमांकांविषयी लिहितो, कारण पहिला गैरसमज तिथेच होतो. क्रमांक म्हणजे पात्याची सेंटिमीटरमधली लांबी नव्हे. सहाचे पाते सुमारे ७ सेंटिमीटर, आठचे साडेआठ, दहाचे १० आणि बाराचे १२ सेंटिमीटर भरते. म्हणजे मोठ्या मापांत क्रमांक आणि लांबी जुळतात, लहान मापांत जुळत नाहीत. ही मापे जोझेफ ओपिनेल याने १८९७ मध्ये ठरवली. त्याचे घराणे सँ-जाँ-द-मोरिएन या गावाजवळच्या एका वाडीत कुऱ्हाडी-कोयत्यांसारखी शेतकऱ्यांची हत्यारे घडवीत असे, आणि १८९० मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याने खिशात मावणारा हा चाकू तयार केला. सात वर्षांनी त्याची एक ते बारा अशी बारा मापे झाली. त्यांतले एक आणि अकरा हे क्रमांक १९३०च्या दशकात बंद करण्यात आले. अकरा हा क्रमांक दहा आणि बारा यांच्या इतका जवळचा होता की त्याला स्वतःचे असे काम उरत नव्हते. मला हा तपशील बोलका वाटतो. दोन मापांमधले अंतर हाताला जाणवले नाही तर तिसरे माप ठेवण्यात अर्थ नाही, हे कारखान्यालाही पटले होते. सात आणि नऊ हे क्रमांक आजही मिळतात, परंतु याच विचाराने मी एक सोडून एक माप निवडले.

चाकूचे भाग पाचच आहेत : पाते, लाकडी मूठ, मुठीच्या तोंडाशी घट्ट बसवलेले वेष्टण, त्या वेष्टणावर फिरणारी कडी आणि पाते ज्याभोवती फिरते ती आडवी खीळ. फिरणारी कडी १९५५ मध्ये आली. पाते उघडून कडी अंगठ्याने फिरवली की तिची फट पात्यासमोरून सरकते आणि पाते बोटांवर मिटू शकत नाही. सन २००० पासून तीच कडी मिटलेल्या स्थितीतही पाते अडकवून ठेवते, त्यामुळे पिशवीत किंवा खिशात चाकू आपोआप उघडण्याची भीती राहत नाही. ही कडी सहा क्रमांकापासून पुढे असते. दोन ते पाच या लहान मापांना ती नसते. पाते बोटांवर मिटल्यावर काय होते हे मी एका सोबत्याच्या हाताला पडलेल्या टाक्यांवरून जाणतो, म्हणून कडी नसलेल्या मापांचा मी विचारच केला नाही आणि तुलनाही सहापासून सुरू केली. कोणी कीचेनला लावण्यासाठी तीन किंवा चार क्रमांक घेत असेल तर त्याने तो पाकीट फोडण्यापुरताच वापरावा.

किमतींकडे येतो. मी घेतले तेव्हा सहासाठी साधारण १०, आठसाठी १२, दहासाठी १७ आणि बारासाठी २३ युरो मोजले. दुकानागणिक आणि वर्षागणिक हे आकडे हलतात, पण त्यांचे एकमेकांशी असलेले प्रमाण मला नंतरही फारसे बदललेले दिसले नाही : आठची किंमत सहाच्या जवळ राहते, दहाला एकदम उडी असते आणि बारा सहाच्या दुपटीच्याही वर जातो. पात्याच्या दर सेंटिमीटरमागे हिशेब केला तर सहा आणि आठ या दोघांना साधारण १.४ युरो पडतात, दहाला १.७ आणि बाराला १.९. मोठे माप घेतल्यावर सेंटिमीटर स्वस्त पडेल अशी आपली बाजारातली सवय असते. इथे नेमके उलट होते. भारतात आयात होऊन आल्यावर किमती बऱ्याच चढतात. दुसरा आठ मी ज्या ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवला त्याने शाँबेरीच्या जवळजवळ दुप्पट दर लावला. म्हणून माप चुकले तर इथे ते अधिक महागात पडते.

चारही मापे पारखण्यासाठी मी वेगळ्या चाचण्या केल्या नाहीत. घरात आणि डोंगरात जे चिरावे लागते तेच प्रत्येकाने चिरले : कांदा, काकडी, पेरू, लिंबू, पाव, कैरी, पपई, कलिंगड. या सगळ्यांतून एक गोष्ट लवकर कळली. पाते किती लांब आहे याहून मूठ तळहातात किती भरते यावर चाकूची उपयुक्तता अधिक ठरते. ओपिनेलच्या मुठीला बोटांसाठी खाचा नाहीत. ती मधे फुगीर, टोकाशी किंचित वाकलेली आणि सर्वत्र गोल आहे. माप वाढते तशी ती लांबच नव्हे तर जाडही होते. म्हणून दुकानात पाते न्याहाळण्याआधी मिटलेला चाकू मुठीत धरून पाहावा. करंगळी बाहेर राहत असेल तर दाब देऊन करायच्या कामाला ते माप अपुरे पडेल.

सहाच्या बाबतीत माझ्या हाताला तेच होते. तीन बोटे नीट बसतात, करंगळी अधांतरी राहते. पेरूच्या फोडी, सफरचंद, मोसंबीचे साल, औषधाची पट्टी, पार्सलचा दोरा यांना तो उत्तम आहे आणि सदऱ्याच्या खिशात असल्याचे जाणवतही नाही. मोठा कांदा मात्र त्याच्या पात्यापेक्षा रुंद असतो, त्यामुळे एका दमात दोन भाग होत नाहीत आणि कांदा फिरवून घ्यावा लागतो. माझ्या आईचे हात लहान आहेत. तिने चारही चाकू हाताळून सहाच उचलला आणि शेवग्याच्या शेंगा सोलायला, मिरच्यांचे देठ काढायला तोच तिच्याकडे असतो. तिची एक तक्रार मात्र मी लिहून ठेवली पाहिजे. सहाची कडी लहान असल्याने आखडलेल्या बोटांना ती फिरवायला त्रास होतो, आणि पात्यावरची नखाची खाचही तितकीच लहान आहे. वयस्कर माणसासाठी हलका म्हणून सहा घेणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. आठची कडी तिला सोपी जाते, मूठ मात्र मोठी वाटते. म्हणून सहा मी तिला उघडून, कडी फिरवून देतो आणि काम झाले की मिटून ठेवतो.

आठ हे या चाकूचे सर्वांत ओळखीचे माप आहे, आणि ती ओळख त्याने कामाने मिळवली आहे असे मला वाटते. वजन ५० ग्रॅमच्या आत, मूठ ११ सेंटिमीटरची, उघडल्यावर एकूण लांबी वीतभराच्या आत. माझी चारही बोटे मुठीवर बसतात आणि अंगठा पात्याच्या पाठीवर टेकतो. मध्यम कांदा एका ओढीत कापला जातो, काकडीच्या चकत्या पातळ पडतात, पाव न दबता कापता येतो. याचे श्रेय पात्याच्या पातळपणाला आहे. पाठीकडे ते पावणेदोन मिलिमीटरच्याही आत आहे आणि धारेकडे अलगद निमुळते होत जाते, त्यामुळे ते फळात पाचरीसारखे घुसत नाही. बाजारात आठच्याच किमतीला मिळणारे, दणकट दिसणारे, जाड पात्यांचे घडीचे चाकू मी वापरले आहेत. त्यांनी टोमॅटो चिरला की आधी तो चेपतो आणि मग फुटतो. ज्याला चाकू मुख्यतः खाण्याच्या वस्तूंसाठी हवा आहे त्याने पात्याची जाडी हा पहिला निकष धरावा.

हाच पातळपणा त्याची मर्यादाही आहे. लोणच्याच्या कैरीचा बाठा फोडणे, नारळाच्या करवंटीशी झटापट, डब्याचे झाकण उचकटणे, लाकडाच्या ढलप्या काढण्यासाठी पात्यावर दगड मारणे ही कामे या चाकूची नव्हेत, मग माप कोणतेही असो. बाराचे पाते मोठे दिसते म्हणून ते कोयत्याचे काम करेल असा समज करून घेऊ नये. बाठ्यासाठी घरात विळी आहे, नारळासाठी कोयता आहे, आणि सुपारीसाठी अडकित्ता आहे.

दहाविषयी मी सर्वांत उशिरा अनुकूल झालो. सुरुवातीला तो मला अधलामधला वाटला होता : खिशात ठेवायला मोठा, ओट्यावर ठेवायला लहान. त्याची जागा राजगडावरच्या एका मुक्कामात सापडली. आम्ही बारा जण होतो, पिठल्यासाठी दीड किलो कांदा चिरायचा होता आणि तो पद्मावतीच्या देवळाच्या ओसरीवर बसून, ताटात, कंदिलाच्या उजेडात चिरायचा होता. आठने मी सुरुवात केली आणि सहा-सात कांद्यांनंतर तर्जनीच्या बुडाशी मूठ रुतू लागली. दहा हाती घेतल्यावर जाड मुठीमुळे दाब तळहातभर पसरला आणि राहिलेले काम विनासायास झाले. पाते दीड सेंटिमीटरनेच लांब आहे, पण मोठा कांदा आता पात्याच्या आत राहतो, टोक बाहेर डोकावते आणि त्या टोकावर चाकू झुलवत बारीक चिरता येते. एकट्यादुकट्याच्या शिदोरीला दहा नको; चार माणसांपेक्षा अधिकांचे जेवण बाहेर रांधणाऱ्याला मात्र आठपेक्षा दीडपट किंमत देणे सार्थकी लागते. तो मी पँटच्या खिशात कधीच ठेवत नाही. भांड्यांच्या पिशवीत, कापडात गुंडाळून, त्याची जागा ठरलेली आहे.

बारावर मात्र मी पैसे खर्चायला नको होते. गावी कलिंगड आणि पपई कापताना तो डौलदार चालतो, पावाच्या मोठ्या लादीचे तुकडे स्वच्छ पाडतो, आणि मिटलेला असताना त्याची लांब मूठ हातात घेऊन पाहणे हाही एक आनंद आहे. पण एवढे पाते ज्याला लागते तो बहुधा घरात किंवा ओट्यापाशी असतो, आणि तिथे साधी सुरी अधिक बरी. यामागे घडणीचे कारण आहे. सुरीचे पाते मुठीच्या पातळीच्या खाली उतरलेले असते, त्यामुळे पाटावर चिरताना बोटांना जागा राहते. ओपिनेलमध्ये पाते आणि मूठ एका रेषेत आहेत. पाटावर पूर्ण पाते टेकवायला गेले की बोटांची पेरे पाटावर आपटतात. लहान मापांत हे जाणवत नाही, कारण त्यांनी आपण हातात धरूनच चिरतो. बाराला पाटाशिवाय गत्यंतर नाही आणि पाटावर तो अडचणीचा ठरतो. त्याच्या किमतीत चांगली स्वयंपाकाची सुरी येते. होडीवर किंवा शेतावर, जिथे उघडी सुरी नेणे धोक्याचे आहे, तिथे बाराला अर्थ असू शकेल. माझ्या घरी तो वर्षातून एप्रिल-मे हे दोनच महिने बाहेर निघतो.

माप ठरवण्याइतकाच, किंबहुना आपल्या हवेत त्याहून मोठा निर्णय पोलादाचा आहे. हा चाकू दोन पोलादांत मिळतो. एकात कर्बाचे प्रमाण ०.९ टक्क्याच्या आसपास असते आणि क्रोमियम नसते, ते गंजते. दुसरे न गंजणारे, स्वीडिश घडणीचे पोलाद आहे, ज्यात सुमारे १४ टक्के क्रोमियम असते. माझ्याकडे आठ क्रमांक दोन्ही पोलादांत असल्यामुळे ही तुलना नेमकी झाली, आणि किमतीतला फरक इतका थोडा आहे की तो निर्णयात धरण्याचे कारण नाही.

कर्बयुक्त पोलाद कसे वागते हे ज्यांच्या घरी जुनी लोखंडी विळी आहे त्यांना वेगळे सांगायला नको. तिच्यावर कच्ची केळी चिरली की पाते आणि हात दोन्ही काळवंडतात, कारण फळातले तुरट द्रव्य आणि लोखंड यांचा संयोग होऊन निळसर काळा रंग तयार होतो. ओपिनेलच्या पात्यावर पहिल्याच आठवड्यात पेरू आणि कांद्याने असे करड्या-निळ्या रंगाचे ढग उमटले. ते घासून काढण्याचा मोह टाळावा. हा थर जसजसा सारखा आणि दाट होतो तसतसा तांबड्या गंजाला थोडा अटकाव होतो. थोडाच, हे मी हरिश्चंद्रगडावर जुलैमध्ये शिकलो. चहात पिळायला लिंबू चिरले, पाऊस वाढला म्हणून घाईने पाते न पुसताच मिटवले, आणि सकाळी उघडले तेव्हा धारेलगत तांबूस ठिपक्यांची रांग होती. दगडावर घासून ते गेले, पण एका ठिपक्याने धारेत पाडलेली बारीक खोच घालवायला पुढे वर्षभराच्या धारा लागल्या. चूक सर्वस्वी माझी होती. पुसायला पाच सेकंद लागले असते.

या पोलादाचा गुण धारेत आहे. बारीक दाण्याच्या दगडावर पाण्याचा हात देऊन दोन्ही अंगांनी आठ-दहा वेळा ओढले की ते वर्तमानपत्राचा कागद आवाज न करता कापते. न गंजणाऱ्या पोलादाला तीच धार यायला दुप्पट वेळ लागतो, आणि शेवटी येणाऱ्या धारेत, रोजच्या फळभाज्यांपुरता, मला काही फरक आढळला नाही. म्हणून ज्याला दगडावर धार लावायला आवडते, जो वापरून झाल्याबरोबर पाते पुसतो आणि मिटण्याआधी तेलाचा हात फिरवतो त्याने कर्बयुक्त पोलाद घ्यावे. त्याला ते आयुष्यभर समाधान देईल. बाकी सर्वांनी, विशेषतः कोकणात राहणाऱ्यांनी आणि पावसाळी भटकंती करणाऱ्यांनी, न गंजणारेच घ्यावे. माझा तसला आठ गावच्या घरी, समुद्राच्या वाऱ्यावर, चार पावसाळे राहिला आहे आणि त्यावर एकही डाग नाही.

धारेचा विषय निघाला आहे म्हणून एक विनंती करतो. सायकलवर दगडी चाक फिरवत धार लावून देणारे आपल्याकडे गल्लीत येतात, त्यांचे कौशल्य मी मानतो, पण या पातळ पात्यासाठी ते चाक नको. कोरड्या चाकावर धार क्षणात तापते, पोलादाला दिलेले पाणी, म्हणजे त्याचा कठीणपणा, उतरते, आणि मग कितीही घासले तरी धार टिकत नाही. एक हजार दाण्याचा साधा दगड, वाटीभर पाणी आणि पाठीची बाजू दगडापासून थोडी, वीसेक अंशांत, उचलून धरण्याची सवय एवढे पुरते. सहाला आणि आठला पाच मिनिटे, बाराला दहा.

आता मुठीविषयी. नेहमीची मूठ बीच या युरोपीय झाडाच्या लाकडाची असते. ते घट्ट आणि सुबक आहे, पण ओलावा शोषते. फ्रान्समध्ये ही किरकोळ बाब असेल; आपल्याकडे जून ते सप्टेंबर ही बाब रोजची आहे. लाकूड फुगते, पाते ज्या खाचेत बसते ती अरुंद होते आणि पाते नखाने उघडेनासे होते. यावर साव्हुआतल्या लोकांची जुनी युक्ती आहे, ती मला बहिणीच्या शेजाऱ्यांनी दाखवली : कडीची फट खाचेसमोर आणायची, मूठ तोंडाच्या बाजूने सैल धरायची आणि तिचे मागचे टोक टेबलावर किंवा दगडावर ठक्कन आपटायचे. पाते एखादे बोटभर बाहेर येते आणि मग चिमटीत धरून उघडता येते. मोठ्या मापांत हे सहज होते, कारण पात्याला वजन असते. सहाचे पाते हलके असल्याने दोन-तीनदा आपटावे लागते, आणि त्याची नखाची खाच लहान असल्याने भर पावसात सर्वांत अधिक अडवणूक तोच करतो. पावसाळ्यासाठी सहाऐवजी आठ घ्यावा, असे मी म्हणतो त्याचे हे मोठे कारण आहे.

मूळ उपाय मात्र जवसाच्या तेलाचा. जवसाचे तेल हवेत वाळून घट्ट होते, खोबरेल तसे होत नाही. मे महिन्याच्या सुरुवातीला, लाकूड सर्वाधिक कोरडे असताना, मुठीला आतून-बाहेरून हे तेल लावावे; आतल्या खाचेत कापडाच्या वातीने पोहोचवावे, तासाभराने वरचे सगळे तेल पुसून घ्यावे आणि चाकू उघडा ठेवून दोन आठवडे वाळू द्यावा. असे सलग तीन वर्षे केल्यावर माझ्या दहाची मूठ पावसात जवळजवळ अडत नाही. तेलाने भिजलेले फडके चुरगळून कोपऱ्यात टाकू नये, कारण वाळताना त्यात उष्णता साठून ते पेट घेऊ शकते. ते दोरीवर पसरून वाळवावे आणि मग फेकावे. पात्याला आणि खिळीला मात्र खोबरेलच लावावे, जवस तिथे चिकट बसेल.

खाचेचा आणखी एक दोष मापागणिक वाढतो. चिरताना जे पात्याला चिकटते ते मिटताना खाचेत जाते. पावाचा चुरा झटकला की निघतो, पण मासे, मटण किंवा फणस यांसाठी घडीचा चाकू वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. फणसाचा चीक एकदा खाचेत गेला की तेलानेही पुरता सुटत नाही, आणि माशाचा वास लाकूड धरून ठेवते. बाराची खाच लांब आणि खोल असल्याने ती स्वच्छ करायला जुना टूथब्रशही अपुरा पडतो. पाण्यात बुडवून धुणे तर कोणत्याच मापाला मानवत नाही.

प्रवासाचे नियमही माप निवडताना पाहावेत. देशाच्या शस्त्रविषयक नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे, आणि बाराचे पातेही ५ इंचांच्या आत असल्याने यांतला कोणताही चाकू त्या मर्यादेच्या बराच खाली राहतो. परंतु महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शहरात आणि जिल्ह्यात वेळोवेळी मनाईचे आदेश निघतात, त्यांत चाकू बाळगण्याचाही समावेश असतो, आणि तिथे पात्याच्या लांबीची सबब चालेलच असे नाही. म्हणून शहरात मी सहासुद्धा विनाकारण खिशात ठेवत नाही. भटकंतीला जाताना चाकू भांड्यांबरोबर पिशवीच्या तळाशी असतो. विमानात तो सामानाच्या बॅगेतूनच न्यावा. हातातल्या पिशवीत सापडला तर तिथेच सोडावा लागेल. मेट्रोच्या तपासणीतही तो अडवला जातो.

मुलांसाठी याच कारखान्याचा सात क्रमांकाचा, टोक गोल केलेला चाकू मिळतो. त्याचे पाते ८ सेंटिमीटरचे आणि न गंजणारे आहे. माझ्या भाचीला दहाव्या वर्षी तो दिला. पहिली सहा महिने ती माझ्या समोरच वापरत असे, आता काकडी आणि पेरू एकटी चिरते. गोल टोकामुळे भोसकण्याची भीती जाते, धारेची राहतेच.

शेवटी सजावटीच्या मुठींचा प्रश्न. आठ क्रमांक ऑलिव्ह, अक्रोड, ओक अशा लाकडांतही मिळतो आणि त्याची किंमत बीचच्या आठच्या दुपटीच्याही पुढे जाऊ शकते. ऑलिव्हच्या लाकडाच्या रेषा फार देखण्या असतात, हे मी दुकानात तो हातात धरून बराच वेळ उभा राहिलो होतो यावरून सांगू शकतो. पण पाते तेच आहे, कडी तीच आहे. भेट द्यायची असेल तर जरूर घ्यावा. स्वतःच्या कामासाठी घेणाऱ्याने त्या पैशांत बीचच्या मुठीचा, न गंजणारा आठ घ्यावा, आणि उरलेल्या रकमेत एक चांगला धारेचा दगड आणि जवसाच्या तेलाची बाटली आणावी.